तळाला लाल, आणि त्याखाली काळा

वेसाव्याच्या खाडीत ओहोटी लागली की होड्यांचं एरवी न दिसणारं अंग उघडं पडतं. वरच्या बाजूला निळे, हिरवे, पिवळे पट्टे, होडीचं नाव, नोंदणीचा नंबर, झेंडे. पाणरेषेच्या खाली मात्र जिकडेतिकडे मळकट तांबडा. मढ, भाटी, मनोरी, गोराई, कुठेही गेलात तरी हा तांबडा भेटतोच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत शाकारून ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेच्या आधी पुन्हा पाण्यात उतरायच्या असतात. तेव्हा तळ खरवडून त्याला नवा हात दिला जातो.

हौसेने शिडाची बोट बाळगणारे लोक मुंबईत थोडे, उपनगरांत त्याहून थोडे. पण त्यांचाही दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तळाला कुठला रंग लावू? बोटीचा वरचा भाग पांढरा, शिडाची कड निळी, तेव्हा तळही निळा छान दिसेल, असा विचार मनात येणं साहजिक आहे. पण पाण्याखालच्या रंगाची निवड डोळ्यांआधी रसायनाने केलेली असते, आणि ते रसायन समजून घेतल्याशिवाय डबा उघडू नये असं माझं ठाम मत आहे.

समुद्रात सोडलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर शेवाळ येतं, मग बार्नेकल आणि शिंपले ठाण मांडतात. मुंबईचं पाणी बारा महिने उबदार, त्यात शहराच्या सांडपाण्यातून येणारं खाद्य मुबलक. त्यामुळे थंड समुद्रात हिवाळाभर मंदावणारी ही वाढ इथे थांबत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ग्लोफाउलिंग प्रकल्पाचा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जहाजाच्या निम्म्या तळावर अर्ध्या मिलिमीटरचा बुळबुळीत थर जमला, तरी हरितगृह वायूंचं उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं. शिडाच्या बोटीला इंधनाची चिंता नसते, पण वाऱ्याने दिलेला वेग तीही असाच गमावते.

त्यावरचा इलाज म्हणजे तांबं. तळाच्या बहुतेक रंगांत क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचा एक ऑक्साइड असतो. तो मुळातच विटकरी लाल असतो. रंगातून तांबं हळूहळू पाण्यात झिरपतं आणि चिकटायला आलेल्या जिवांना तिथे टिकू देत नाही. होड्यांचा तांबडा तळ आला तो इथून. त्याआधी अरबी समुद्रातल्या गलबतांचे तळ पांढरे असत, कारण चुना आणि चरबी किंवा तेल कालवून त्यांचा लेप दिला जाई. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. तळ स्वच्छ राहिला, पण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी आलेले लोखंडी खिळे झपाट्याने झिजून गेले. पुढे जहाजंच लोखंडाची झाली, तेव्हा पत्र्याचा मार्ग बंद झाला आणि तांबं रंगात मिसळून लावायची युगत रूढ झाली.

तळाची हयगय झाली तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईच्या एका बोटीशी जोडलेलं आहे. ‘सुहेली’ ही सागवानी बोट १९६४ साली मुंबईतल्या कारागिरांनी बांधून पाण्यात सोडली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. त्याला ३१२ दिवस लागले. वाटेत बोटीच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं, तेव्हा भर समुद्रात बुडी मारून त्याने सांधे बुजवले आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. ५० वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच प्रवासाच्या स्मरणार्थ शर्यत झाली. आपला अभिलाष टॉमी तीत गोव्यात बांधलेली, ‘सुहेली’च्याच घडणीची ‘तुरिया’ घेऊन उतरला होता. हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली. त्याच शर्यतीत फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनच्या बोटीचा तळ देठाच्या बार्नेकलांनी इतका भरला की त्याला परतायला ३२२ दिवस लागले. अर्ध्या शतकापूर्वीच्या मुंबईच्या सागवानी बोटीहूनही दहा दिवस जास्त!

आता रंगनिवडीकडे. क्युप्रस ऑक्साइड स्वतःच लाल असल्यामुळे त्याच्या रंगांत लाल, तपकिरी, काळा, गडद निळा हे सहज मिळतात. शुभ्र पांढरा किंवा उजळ पिवळा त्यातून निघत नाही. उजळ छटा हवी असेल तर क्युप्रस थायोसायनेट वापरतात, कारण ते फिकट असतं. बोट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मग क्युप्रस ऑक्साइड वर्ज्यच समजावं. ‘अलार्म’च्या खिळ्यांचं जे झालं तेच अ‍ॅल्युमिनियमचं होतं. बाहेर लावलेल्या इंजिनाच्या पायालाही हा नियम लागू आहे, आणि नेमका तिथेच उरलेल्या डब्यातला हात मारला जातो.

गडद तळ चांगला की फिका? समोरच्या किनाऱ्यावर, ओमानमध्ये मस्कतच्या पाण्यात पांढऱ्या आणि काळ्या पृष्ठभागांवर प्रयोग झाले आहेत. सुरुवातीच्या दिवसांत काळ्यावर जास्त वाढ दिसली, पुढे तो फरक पुसट झाला. बार्नेकलच्या अळ्यांनाही चिकटायला अंधारी जागा अधिक रुचते. म्हणजे फिक्या रंगाला थोडा फायदा आहे, पण तो काही दिवसांचा; हंगाम काढायचा तर जोर रंगातल्या तांब्याचाच. शिवाय मालाड किंवा मनोरीच्या खाडीत पांढरा तळ पाहता पाहता चिखलाच्या डागांनी पिवळा-तपकिरी होतो. तळ स्वच्छ आहे की नाही हे वरून दिसावं म्हणून काही जण फिका रंग घेतात. निवळ पाण्यात ते पटण्यासारखं आहे, पण आपल्या गढूळ खाडीत वीतभर खालचं दिसत नाही.

म्हणून एकच रंग निवडू नका, दोन निवडा. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं काही असेल तर हेच. आजचे पुष्कळसे तळरंग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. वरचा थर पाण्याने झिजत जातो आणि खालचं ताजं तांबं उघडं होतं. पण ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. नाळ, सुकाणूची पुढची कड, पाणरेषेचा पट्टा आणि तळाच्या कण्याची धार इथे ती लवकर होते. ओहोटीला चिखलावर बसणाऱ्या बोटीचं बूड तर वेगळंच घासतं. सगळे हात एकाच लालचे असतील, तर कुठे किती रंग उरला आहे ते कळायला मार्ग नाही. मग माणूस दरवर्षी सरसकट नवे थर चढवतो. चार-पाच वर्षांत त्यांची जाड साल तयार होते आणि खपल्या पडू लागतात. त्याऐवजी पहिला हात काळ्याचा द्यावा आणि त्यावर दोन हात लालचे. दोन्ही रंग एकाच कंपनीचे, एकाच जातीचे असावेत. रंग लावतानाच कुठे राहून गेलं ते काळ्यावर लगेच दिसतं. पुढच्या वर्षी बोट वर ओढली की जिथे काळा डोकावतो तिथे दुरुस्ती, बाकी ठिकाणी हलका हात पुरे. काळ्याच्याही खालचा प्रायमर दिसला, तर पुढच्या खेपेला त्या जागी एक हात जास्त द्यावा लागेल. निळा आवडत असेल तर खुशाल वर निळा द्या, पण खाली दुसरा रंग हवाच.

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड आणि हा लाल यांची गल्लत करू नका. खिडकीच्या ग्रिलला लावतो तो रेड ऑक्साइड लोखंडाचा, गंज रोखणारा. दिसायला जवळजवळ तसाच, दर मात्र पुष्कळ कमी, म्हणून मोह होतो. पण शेवाळाला किंवा बार्नेकलला त्याचं काहीच वाटत नाही. डब्यावरचा घटक वाचूनच पैसे द्यावेत. बोट पावसाळाभर पाण्याबाहेर राहणार असेल तर झिजणाऱ्या जातीचा रंग घ्यावा. कडक जातीचे बरेच रंग दीर्घकाळ कोरडे राहिले की निष्प्रभ होतात. आणि फिरून आल्यावर वाळूवर ओढून ठेवायची छोटी डिंगी असेल, तर तळरंगाची गरजच नाही. साध्या रंगावर गोड्या पाण्याने धुणं पुरे.

हे विष शेवटी पाण्यातच जातं, याचा विसर पडता कामा नये. तांब्याहून जालीम म्हणून १९६०च्या दशकात टीबीटी हे कथिलाचं संयुग तळरंगांत आलं. फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात त्याने कालवांची शिंपली जाड आणि वेडीवाकडी केली, नवी पैदास जवळजवळ थांबली. १९८२ मध्ये फ्रान्सने छोट्या बोटींवर टीबीटीला बंदी केली आणि २००८ पासून जागतिक करारानेच ते तळरंगांतून हद्दपार झालं. तांब्याला अजून परवानगी आहे, ती जपून वापरण्यासाठी. आपल्या मढ-मनोरीच्या खडकांवरही कालवं आहेत, खाडीच्या चिखलात तिसऱ्या आणि शिवल्या आहेत, आणि त्या वेचून घर चालवणाऱ्या बायका आहेत. तेव्हा तळ खरवडताना खाली ताडपत्री अंथरा, कोरडा न घासता पाणी मारून घासा, तोंडाला मास्क बांधा. निघालेल्या खपल्या आणि रिकामे डबे भरतीच्या हवाली न करता गोळा करून घातक कचऱ्यात द्या.