साथ ओसरल्यावर रोगजंतू कोठे राहतात?

पावसाळ्याच्या आरंभी एखाद्या गावात पटकीची अथवा अतिसाराची साथ उद्भवते. आरोग्य पथक येते, विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली जाते, रुग्णांवर उपचार होतात आणि पंधरवड्यात गाव पूर्ववत होते. पुढील वर्षी त्याच सुमारास, त्याच वस्तीत साथ पुन्हा उभी राहते. मधल्या अकरा महिन्यांत हे रोगजंतू होते कोठे? प्रश्न साधा आहे. परंतु संसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचे बरेचसे मर्म त्याच्या उत्तरात सामावलेले आहे.

जंतू रोग कसा उत्पन्न करतात?

माती, पाणी, हवा आणि खुद्द आपले आतडे यांत असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी आहेत. कित्येक तर उपकारक आहेत. रोगास कारण होणारे थोडे असून जीवाणू, विषाणू, एकपेशीय परोपजीवी आणि कवके असे त्यांचे मुख्य वर्ग पडतात.

प्रत्येकाची रीत निराळी असते. पटकीचा जीवाणू शरीरात खोलवर शिरत नाही. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून एक विष सोडतो आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात वाहून येतात. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये हे विष प्रयोगाने सिद्ध केले. हिवतापाचे परोपजीवी रक्तातील तांबड्या पेशींत वाढून त्या फोडतात. क्षयरोगात फुप्फुसाची जी हानी होते, तिला जंतूंशी चाललेला शरीराचा स्वतःचा लढाही बराच कारणीभूत असतो.

जंतूंचा वंश टिकावयाचा तर त्यांना एका शरीरातून बाहेर पडण्याची वाट, प्रवासाचे साधन आणि दुसऱ्या शरीरात शिरण्याचे द्वार लागते. पटकीचे जुलाब आणि क्षयाचा खोकला ही आपल्या दृष्टीने लक्षणे होत. जंतूंच्या दृष्टीने त्या बाहेर पडण्याच्या वाटाच होत. विष्ठेतून पाण्यात व अन्नात, खोकल्यातून हवेत, डास, पिसू किंवा गोचीड यांच्या दंशातून रक्तात, असे त्यांचे प्रवासमार्ग ठरलेले आहेत. साथीच्या काळात आपले लक्ष या मार्गांकडे असते व ते योग्यच आहे. परंतु मार्ग तात्पुरता बंद झाल्यावर जंतू आश्रयस्थानात टिकून राहतो आणि संधीची वाट पाहतो. अशी आश्रयस्थाने चार प्रकारची आहेत.

निरोगी दिसणारा मनुष्य

पहिले आश्रयस्थान म्हणजे आजारी न दिसणारा मनुष्य. पटकीचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना सौम्य लक्षणे होतात किंवा मुळीच होत नाहीत. तरीही काही दिवस त्यांच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडत असतात. विषमज्वराचे जंतू काही व्यक्तींच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे राहतात. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची हकीकत प्रसिद्धच आहे. ती स्वतः धडधाकट होती. पण ती काम करी त्या घरांतून विषमज्वराचे रुग्ण निघत. १९०७ मध्ये तपासणी झाली तेव्हा तिच्या विष्ठेत हे जंतू आढळले. आजारी माणसापासून दूर राहणे पुरेसे नाही, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे सर्वांनाच आवश्यक आहे, ते याकरिता.

शरीरातील निद्रा

दुसरे आश्रयस्थान शरीरातच, पण निद्रिस्त अवस्थेत असते. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे परोपजीवी यकृतात दडून राहतात आणि ताप उतरल्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रक्तात येतात. यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस दिल्या जातात. ताप गेला म्हणून त्या मध्येच सोडणारा रुग्ण पुढच्या हंगामासाठी परोपजीवी जतन करून ठेवतो. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी राहून उतारवयात नागिणीच्या रूपाने प्रकट होतो, व त्या फोडांतील विषाणूपासून एखाद्या मुलास पुन्हा कांजिण्या होऊ शकतात.

क्षयरोगाचे बलस्थान हेच आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयजंतूंचा संसर्ग होऊन गेला असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान किंवा एच.आय.व्ही.चा संसर्ग यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली की निद्रिस्त जंतू जागे होतात. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो, ही त्याहून गंभीर बाब होय.

प्राणी आणि कीटक

तिसरे आश्रयस्थान प्राण्यांचे. मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेल्या प्लेगने हजारो बळी घेतले. हा जंतू मुळात उंदीरवर्गातील प्राण्यांचा. तो पिसवांच्या द्वारे माणसापर्यंत येतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखविले. अनेक वर्षांच्या शांततेनंतर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरत शहरात प्लेगने डोके वर काढले, तेव्हा जंतू नष्ट झाला नव्हता हे ध्यानात आले.

क्यासनूर अरण्यज्वर, ज्यास लोक माकडताप म्हणतात, तो १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधून काढला. जंगलातील गोचीड व लहान प्राणी यांच्यात तो टिकून राहतो. अलीकडील वर्षांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातही या रोगाचे रुग्ण आढळले आहेत. या रोगाने माकडेही मरतात. म्हणून रानात मेलेले माकड ही आरोग्य यंत्रणेस मिळालेली पूर्वसूचना समजावी.

माती आणि पाणी

चौथे आश्रयस्थान म्हणजे सृष्टी. धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपाने मातीत व शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यांना मातीतून नाहीसे करणे शक्य नाही. म्हणून गर्भवती व बालके यांचे लसीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालूच ठेवावे लागेल. पटकीचे जंतूही खाडीच्या मचूळ पाण्यात सूक्ष्म प्राण्यांना चिकटून माणसावाचून टिकाव धरू शकतात.

आश्रय नसलेले रोग

ज्या रोगजंतूला यांपैकी कोणताही आश्रय नाही, त्याचे उच्चाटन करता येते. देवीचा विषाणू केवळ माणसात राही. त्याचा रुग्ण अंगावरील पुरळामुळे ओळखू येई आणि बरा झाल्यावर विषाणू त्याच्या शरीरात राहत नसे. घरोघर शोध व रुग्णाभोवतीच्या लोकांचे लसीकरण यांच्या योगे भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि मे १९८० मध्ये जगातून देवी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

गोवरही केवळ माणसाचाच रोग. त्यास सतत नवी, संरक्षण नसलेली बालके मिळावी लागतात. म्हणून लहान बेटांवर तो आपोआप विझतो आणि मोठ्या लोकसंख्येत टिकून राहतो. सुमारे ९५ टक्के बालकांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या तर त्याला वाव उरत नाही. लसीकरणाच्या नोंदवहीत सुटलेली चार नावे म्हणजे गोवराचे शेवटचे आश्रयस्थान होय.

शांत महिन्यांतील काम

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. साथ चालू असता प्राण वाचविण्याचे काम करावयाचे असते. जलसंजीवनीने ते सुलभ झाले आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाचा वापर केला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. परंतु साथ पुन्हा न येऊ देण्याचे काम शांत महिन्यांतच होते.

ग्रामपंचायतीने उन्हाळ्यातच जलवाहिन्यांची गळती व गटारातून जाणारे नळ शोधून दुरुस्त करावेत. टी.सी.एल. पावडर कोरड्या व बंद जागी ठेवावी, कारण ओल लागताच तिचा जोम जातो. १,००० लिटर पाण्यास उत्तम प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर टाकून एक तासानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरते की नाही, हे जलसुरक्षकाने तपासावे. शिक्षकांनी हात धुण्याची सवय वर्गात रुजवावी आणि स्थलांतरित कुटुंबांतील लसीकरण सुटलेल्या बालकांची नावे आरोग्य सेविकेस कळवावीत. क्षयाचा रुग्ण बरे वाटल्यावर औषध सोडत नाही ना, याची विचारपूस सरपंचांनीही करावी. उंदरांचा वा माकडांचा अवचित मृत्यू प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावा.

ही कामे डोळ्यांत भरणारी नाहीत. त्यांचे यश एवढेच की पुढील पावसाळ्यात गावात आरोग्य पथकास धाव घ्यावी लागत नाही. पण न आलेल्या साथीचे श्रेय ज्या पंचायतीला मिळते, तिने जनतेची फार मोठी सेवा केली असे निश्चित समजावे.