जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचा आवाज : कारण ओळखा, मगच पार्ट बदला

जऊळका (रेल्वे) आणि मालेगाव तालुक्यातील इतर गावांमध्ये जुनी जीप किंवा मारुती ८०० आजही अनेकांच्या दारात उभी दिसते. बियाणे आणणे, बाजाराला जाणे, अडीअडचणीला रात्री दवाखाना गाठणे, ही सर्व कामे तिच्यावरच होतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले. म्हणजे यातील प्रत्येक गाडी आता दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. अशा गाडीचे स्टिअरिंग फिरवताना आवाज येऊ लागला, तर ती सूचना समजावी. दुर्लक्ष करू नये आणि घाईने महागडे पार्टही बदलू नयेत.

आवाज का येतो?

स्टिअरिंगचे सांधे ग्रीसवर चालतात व त्यावर रबरी टोपी असते. गॅरेजमध्ये तिला बूट म्हणतात. पांदणीची धूळ, पावसाळ्यातील चिकट काळी माती आणि वय यामुळे हे रबर फाटते. ग्रीस बाहेर पडते, माती व पाणी आत जाते आणि सांधा झिजतो. सुरुवात बहुधा फाटलेल्या रबरापासूनच होते.

आवाजावरून दोष ओळखा

१) उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर : बॉल जॉइंट कोरडा पडलेला असतो किंवा पुढील शॉकअपच्या वरचे बेअरिंग जाम झालेले असते. जुन्या जीपमध्ये किंगपिन कोरडी असू शकते.
२) खड्ड्यातून जाताना खडखड : टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचे बुश झिजलेले असतात.
३) पूर्ण वळणावर गाडी पुढे घेताना टकटक : पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत बाहेरचा एक्सल जॉइंट खराब झालेला असतो.
४) वळवताना गुरगुर किंवा किंचाळी : बहुतेक मारुती ८०० व जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग नसते. ज्या गाडीला असते, तिच्यात तेल कमी झालेले किंवा पट्टा सैल असतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलेच तेल भरावे. ब्रेक ऑइल कधीही टाकू नये.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा व मागील चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी, म्हणजे स्टिअरिंगचे लॉक सुटेल. मदतनिसाला स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलविण्यास सांगावे. आपण प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. जेथे हाताला ठोका जाणवतो, तेथेच दोष असतो.

नंतर पुढील चाक जॅकने उचलावे. मऊ जमीन असल्यास जॅकखाली जाड फळी घ्यावी आणि गाडीखाली मजबूत घोडी लावावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक घड्याळातील ९ व ३ च्या जागी धरून हलवावे. ढिलेपणा असल्यास टाय रॉड एंड पाहावा. मग १२ व ६ च्या जागी धरून हलवावे. येथे ढिलेपणा असल्यास मदतनिसाला ब्रेक दाबण्यास सांगावे. ब्रेक दाबताच तो नाहीसा झाला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन झिजली आहे.

दुरुस्ती

रबर फाटले पण सांधा घट्ट असेल, तर सांधा स्वच्छ करून नवे ग्रीस भरावे व नवे रबर बसवावे. काही जण आवाज बंद करण्यासाठी सांध्यावर डिझेल किंवा जळके तेल ओततात. त्याने आवाज चार दिवस थांबतो, पण ग्रीस पातळ होऊन वाहून जाते व रबर फुगते. हे टाळावे. जीपला ग्रीस निपल असतात. निपल पुसून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत गनने नवे ग्रीस भरावे.

सांध्यात ढिलेपणा असेल, तर तो बदलण्याशिवाय उपाय नाही. टाय रॉड एंड काढण्यापूर्वी किती आटे आत आहेत ते मोजून ठेवावेत. नवीन स्प्लिट पिन वापरावी आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

केव्हा गाडी चालवू नये?

स्टिअरिंग फिरवूनही चाक उशिरा वळत असेल, ते मध्येच अडकत असेल किंवा सांधा हाताने खाली-वर हलत असेल, तर गाडी जागेवरच ठेवावी व जाणकार मेकॅनिकला बोलवावे. चालत्या गाडीत बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे होते आणि गाडी हातात राहत नाही. शेजारी घरची माणसे बसलेली असतात, हे विसरू नये.

पावसाळा संपला की सर्व रबरे धुऊन एकदा तपासावीत. एक रबर वेळेवर बदलले, तर पुढचा मोठा खर्च व धोका दोन्ही टळतात.