फाइल गेली कुठे? : क्लाउड आणि सिंकच्या नेहमीच्या तक्रारी

आजचा विषय घरोघरीचा आहे. क्लाउडबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, ‘मोबाइलवरून टाकलेली फाइल लॅपटॉपवर दिसतच नाही.’ दुसरी, ‘कालपर्यंत होती, आज कुठेच नाही.’ पहिल्या तक्रारीत आपला वेळ जातो, दुसरीत फाइलच जाते. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून आधी ते समजून घेऊ.

क्लाउड म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधले संगणक. आपण ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली की लॅपटॉपमधलं एक छोटं सॉफ्टवेअर ती तिकडे पाठवतं आणि तिथून ती आपल्या इतर उपकरणांवर उतरते. यालाच सिंक म्हणतात. सिंकचं काम एवढंच, की सगळीकडे सारखी स्थिती ठेवायची. आपण बदल केला तर तो सगळीकडे जातो. आपण फाइल पुसली, तर ती सगळीकडून पुसली जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता पहिली तक्रार. इथे लॉग आउट करणं, ॲप काढून पुन्हा टाकणं, असली घाई करू नये. जी फाइल अजून वर पोचलेलीच नाही, तिची एकुलती एक प्रत त्या उपकरणावर असते आणि घाईत तीच जाऊ शकते. आधी ती पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. डेस्कटॉपवर नको, कारण विंडोजमध्ये बरेचदा डेस्कटॉपच वनड्राइव्हशी जोडलेला असतो.

मग ब्राउझर उघडून क्लाउडच्या वेबसाइटवर तीच फाइल शोधा. तिथे दिसली, तर अडचण उतरवून घेणाऱ्या उपकरणात आहे. दिसली नाही, तर पाठवणाऱ्या उपकरणात आहे. एवढ्या एका तपासणीने निम्मं काम होतं.

वर पोचली नसेल तर पुढच्या गोष्टी क्रमाने बघू.

१. खातं. दोन्हीकडे एकाच ईमेलने लॉग इन केलंय ना? बऱ्याच जणांची दोन जीमेल खाती असतात आणि फाइल दुसऱ्याच खात्यात सुखरूप बसलेली असते.

२. जागा. गूगलची मोफत जागा १५ जीबी, पण ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून नव्याने चढणारे फोटोही त्यात मोजले जातात. वनड्राइव्ह मोफत ५ जीबी देतं, ड्रॉपबॉक्स २ जीबी. जागा भरली की नवीन फाइल चढत नाही.

३. मोबाइलची सेटिंग. ‘फक्त वाय-फायवर’ किंवा बॅटरी वाचवण्याचा पर्याय चालू असेल, तर अपलोड थांबून राहतं.

४. फाइलचं नाव. तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका ही चिन्हं विंडोज आणि वनड्राइव्हला नावात चालत नाहीत. ‘हिशोब १२/४’ इथेच अडतं. मराठी नावांत आणखी एक गंमत आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन नावं सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असू शकतात. मग शोधूनही फाइल सापडत नाही. महत्त्वाच्या फाइलचं नाव छोटं आणि साधं ठेवलेलं बरं.

वेबसाइटवर फाइल आहे, लॅपटॉपवर नावही दिसतंय, पण उघडत नाही? नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर फाइल वरच आहे, खाली फक्त तिची खूण आहे. गणपतीला गावी निघालात आणि तिथे रेंज नसेल, तर निघण्याआधी ‘या उपकरणावर कायम ठेवा’ हा पर्याय निवडा.

कधी एकाच फाइलच्या दोन प्रती होतात. सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल शीट सेक्रेटरींनी आणि खजिनदारांनी एकाच वेळी, नेट नसताना बदलली, तर कोणाचं खरं हे सॉफ्टवेअर कसं ठरवणार? ते दोन्ही ठेवतं. ड्रॉपबॉक्स त्या जादा प्रतीच्या नावातच तसं लिहितं. ती कचरा समजून पुसू नका, आधी दोन्ही उघडून ताडून बघा.

आता दुसरी, गंभीर तक्रार. ‘क्लाउडवर आहेच की’ असं म्हणून आपण मोबाइलमधले फोटो पुसतो आणि ते क्लाउडवरूनही जातात. हा बिघाड नाही, सिंकने आपलं काम चोख केलेलं असतं. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. तो वर पोचलेल्या फोटोंची फक्त मोबाइलमधली प्रत काढतो. साधं ‘डिलीट’ दोन्हीकडून काढतं.

असं झालंच, तर सिंक थांबवा आणि वेबसाइटवरची कचरापेटी उघडा. इथे दिवस मोजलेले असतात. गूगल ड्राइव्हमध्ये ३०, गूगल फोटोजमध्ये वर चढलेल्या फोटोंसाठी ६०, वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ३०. फाइल आहे पण आतला मजकूर बिघडला असेल, तर ‘आवृत्ती इतिहास’ बघा, जुनी प्रत परत घेता येते.

म्हणून सिंकला बॅकअप समजू नये. लॅपटॉप, मोबाइल आणि क्लाउड अशा तीन ठिकाणी दिसणारी फाइल एका चुकीने तिन्हीकडून जात असेल, तर सुरक्षिततेच्या हिशोबात ती एकच प्रत धरायची. जमिनीची कागदपत्रं, मुलांचे दाखले, आईवडिलांचे फोटो असं जे परत मिळणार नाही, ते महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. आणि ठेवण्याआधी त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. उघडल्या, तरच तो बॅकअप.