सर्व्हर अपग्रेड करताय? परतीचं तिकीट आधी काढा!

नाशिककरांचा वीकेंड कसा, तर शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोड आणि रविवारी सकाळी मिसळ. पण माझ्या ओळखीचा एक सिस्टीम अ‍ॅडमिन हल्ली शनिवारी रात्री गायबच असतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: डेटाबेस अपग्रेड!

आता हे काय प्रकरण? क्लासची फी, हॉटेलचं बिल, डॉक्टरची अपॉइंटमेंट... या सगळ्यामागे बरेचदा एक लिनक्स सर्व्हर असतो आणि त्यावर मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस. (जनक मायकेल विडेनियस यांच्या लेकीचं नाव 'माय', त्यावरून हे बारसं. क्यूट ना?) त्याची ५.७ ही आवृत्ती २०१५ ची. तिचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. म्हणजे आता सुरक्षेत नवं भगदाड सापडलं, तरी ते बुजवायला कुणी येणार नाही. 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' हा आपला लाडका फंडा इथे महागात पडू शकतो.

मग करून टाकायचं का अपग्रेड? थांबा! खरी मेख पुढेच आहे. ५.७ वरून ८.० वर जाता येतं, पण ८.० वरून परत ५.७ वर उतरता येत नाही. मागे फिरायचा रस्ता एकच, आधी घेतलेला बॅकअप. ५.६ वर असाल तर थेट उडीही नाही. आधी ५.७, मग ८.०.

शिवाय छोटे छोटे गुगली आहेतच. ८.० मध्ये 'रँक' हा शब्द राखीव झाला. निकालाच्या तक्त्यात कॉलमचं नावच 'रँक' असेल, तर कालपर्यंत गुण्यागोविंदाने चालणारं सॉफ्टवेअर आज अडून बसतं. आणि नाशकात क्लासेस काही कमी नाहीत!

मग करायचं काय?

* बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर तो उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे फक्त फोटोत पाहिलेलं स्थळ!
* मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर आधी चालवा. राखीव शब्दांसारख्या अडचणी तो आधीच दाखवतो.
* डेटाच्या कॉपीवर रंगीत तालीम करा आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.
* किती वाजेपर्यंत जमलं नाही तर माघार घ्यायची, ते आधीच ठरवा. पहाटे तीनला डोकं चालत नाही.
* ८.० ची मुदतही एप्रिल २०२६ पर्यंतचीच ठरलेली. त्यामुळे पुढचा मुक्काम ८.४ हे डोक्यात ठेवूनच निघा.

आणि हो, बॉसमंडळींनो, थोडं तुमच्यासाठीही. छोट्या ऑफिसात हे सगळं बहुतेक एकटाच माणूस करत असतो. तालमीसाठी त्याला एक जादा मशीन आणि दोन दिवस द्या. ग्राहकांची यादी हरवली तर ती बाजारात विकत मिळत नाही.