देवमाशांची मैफल आणि बोटींचा गोंगाट

समुद्र म्हटला की डोळ्यांपुढे लाटा येतात आणि कानांत त्यांची गाज. पण त्या लाटांच्या खाली, खोल पाण्यात काय असेल? अंधार आणि शांतता, असाच आपला समज. यातला अंधार खरा आहे. दोनशे मीटरच्या खाली सूर्यप्रकाश जवळजवळ पोचतच नाही. शांतता मात्र खोटी! हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावणारा आवाज समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर धावतो आणि कितीतरी दूरवर ऐकू जातो. जिथे डोळे निरुपयोगी, तिथे कानांनाच डोळे व्हावे लागते. देवमासा नावाने मासा असला, तरी तो पिलाला दूध पाजणारा, श्वासासाठी वर येणारा आपल्यासारखाच सस्तन प्राणी. त्याचा सारा संसार या आवाजावर चालतो.

हा आवाज माणसाने नीट ऐकला तो योगायोगानेच. अमेरिकी नौदलासाठी बर्म्युडाजवळ पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याला काही विलक्षण हुंकार ऐकू आले. ते हंपबॅक, म्हणजे कुबड्या देवमाशांचे होते. शिकाऱ्यांच्या हाती ही माहिती पडू नये, म्हणून त्याने ती जपून ठेवली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्या ध्वनिफिती रॉजर आणि केटी पेन या दांपत्याला दिल्या. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, हे नुसते ओरडणे नव्हे, हे गाणे आहे. त्यात सूर आहेत, सुरांच्या ओळी आहेत, ओळींचे ठरलेले क्रम आहेत. दहा-वीस मिनिटांची ही चीज नर तासन् तास आळवतो.

आपल्या संगीतातल्या घराण्यांची आठवण व्हावी, असा प्रकार पुढे दिसला. एका भागातले सगळे नर एकच गाणे गातात आणि हळूहळू ते सगळेच बदलत नेतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तर १९९६ साली ८२ पैकी दोघेच गवई पश्चिम किनाऱ्याचे गाणे गाताना आढळले. १९९८ संपता संपता साऱ्यांनीच जुनी चीज सोडून ती नवी उचलली होती!

या गाण्याने माणसालाही बदलले. १९७० साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ते अंतराळात गेले. देवमासे वाचवण्याच्या चळवळीला त्याने मोठे बळ दिले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला आणि तो १९८६ पासून अमलात आला.

भाले थांबले, पण संकट टळले नाही. आता गोंगाट वाढला आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले की, दात नसलेल्या देवमाशांच्या कंठात चरबीची एक गादी असते आणि तिच्यावर हवा घासून त्यांचा खर्जातला आवाज निघतो. पण या यंत्रणेला मर्यादा आहे: सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत आणि ३०० हर्ट्झपर्यंत. मोठ्या बोटींची घरघर नेमकी याच पट्टीत! बाजारात आपण आवाज चढवून बोलतो. खर्जातल्या या बोलण्याला ती सोय फारशी नाही.

याचा ताण किती असतो, हे एका शोकांतिकेने दाखवले. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात बोटींची वाहतूक घटली आणि पाण्यातला आवाज सहा डेसिबलने उतरला. त्याच काळात तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेत तणावाची संप्रेरके कमी आढळली.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून चालणार नाही. जगातले बहुतेक हंपबॅक ऋतूंप्रमाणे ध्रुवाकडे जातात, परततात. आपल्या अरबी समुद्रातले मात्र बारा महिने इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. मार्च २०१७ मध्ये गोव्यात, मुरगाव बंदराजवळच्या ग्रँड बेटापाशी पाण्याखालच्या यंत्रांनी त्यांचे गाणे टिपले. त्याच वर्षाच्या अखेरीस, ओमानमध्ये उपग्रह-यंत्र बसवलेली ‘लुबान’ नावाची मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली. एवढ्या थोड्या जिवांनी एवढ्या मोठ्या समुद्रात एकमेकांना शोधायचे, तर हाक ऐकू यायला हवी. आणि याच पाण्यातून मुंबई, न्हावा-शेवा, मुरगावच्या बोटींची अखंड ये-जा चालते.

बोटी बंद करा, असे कोणीच म्हणत नाही. वेग थोडा कमी केला, तरी बहुतेक बोटींचा आवाज उतरतो. व्हँकुव्हर बंदराने २०१७ साली ओर्का देवमाशांसाठी बोटींना स्वेच्छेने वेग कमी करायला लावून हे पाहिले आहे. तेलगळती पुसून काढायला वर्षे लागतात. गोंगाट मात्र यंत्र मंदावताच निवतो. मैफलीत गवई गात असताना आपण बोलणे थांबवतो. समुद्रातल्या गवयांसाठी निदान आवाज खाली आणायला काय हरकत आहे?