फिश सर्फबोर्ड: शेपटीला खाच कशाला?

मी आष्टीचा. आमच्याकडे समुद्र सोडाच, पाझर तलाव भरला तरी लोक बघायला जातात. तरी आज विषय सर्फबोर्डचा.

१९६७, अमेरिकेतलं सॅन डिएगो. स्टीव्ह लिस हा पोरगा लाटेवर गुडघे टेकून जायचा. त्याला बोर्ड आखूड हवा होता, वेगवान हवा होता आणि वळताना सटकायला नको होता.

गोची इथेच आहे. तलावात चपटा दगड आडवा फेकलाय ना? तो पाण्यावरून उड्या मारत जातो. रुंद शेपटीचा बोर्डही तसाच पाण्यावरून सुसाट पळतो, पण वळताना घसरतो. निमुळती शेपटी पाणी घट्ट धरते, पण वेग खाते.

लिसने रुंद शेपटीला मधोमध खोल खाच दिली. माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं झाली, प्रत्येकाखाली एक फिन. सरळ जाताना सगळी रुंदी कामाला येते. बोर्ड कलला की एकच निमुळतं टोक पाणी धरतं. पुढे उभे राहणाऱ्यांनीही तो उचलला. १९७२च्या जागतिक स्पर्धेत जिमी ब्लेअर्स फिशवरच जिंकला.

माझं ॲप गावाकडे आईच्या फोनवर उघडतच नव्हतं. फोटो काढून टाकू की राहू देऊ, यातच अडकलो होतो. शेवटी आधी मजकूर, मागून फोटो, असे दोन भाग केले. आता उघडतं!

तुमचं काय अडलंय? व्हॉइस नोट पाठवा.