विश्लेषण : कंपनीने ‘बाद’ केलेल्या मॅकवर नवी मॅकओएस कशी चढते?

२०१५चा मॅकबुक प्रो अनेकांकडे आजही व्यवस्थित चालतो. पण ॲपलच्या लेखी त्याची धाव २०२१च्या ‘माँटेरे’पर्यंतच, २०२२ची ‘व्हेंच्युरा’ त्यावर चढत नाही. ॲपल सहसा ताज्या तीन आवृत्त्यांनाच सुरक्षा-दुरुस्त्या पुरवते. म्हणजे यंत्र धडधाकट, पण इंटरनेटवर ते वापरणे दिवसेंदिवस धोक्याचे. यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे ‘ओपनकोर लेगसी पॅचर’.

अडते कुठे?

इन्स्टॉलर आधी मॉडेल तपासतो आणि यादीत नसेल तर नकार देतो. पण अडचण केवळ यादीची नाही. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स चिपचे ड्रायव्हर ‘व्हेंच्युरा’तून काढून टाकले आहेत. यादी चुकवून आत शिरलात, तरी खिडक्या सरकवतानाही संगणक रडतो.

पॅचर काय करतो?

‘दोर्तानिया’ या विकासकांच्या गटाचे हे मोफत, मुक्त-स्रोत साधन आहे. मॅक सुरू होताना त्यातील ‘ओपनकोर’ हा भाग मॅकओएसच्या आधी जागा होतो आणि इन्स्टॉलरला सांगतो की हा आभासी संगणक आहे. मग मॉडेलची चौकशी थांबते. प्रणाली बसल्यावर पॅचर जुने ड्रायव्हर तिच्यात परत घालतो. ‘बिग सर’ ते ‘सिक्वोया’ या आवृत्त्या अशा बसवता येतात.

मग धोका काय?

‘बिग सर’पासून (२०२०) प्रणालीच्या मूळ फाइलींवर डिजिटल मोहोर असते. ड्रायव्हर घालायचे तर ती फोडावी लागते, संरक्षणाची एक पातळीही उतरवावी लागते. म्हणजे नव्या दुरुस्त्या मिळतात, पण भिंत थोडी पातळ होते. शिवाय प्रत्येक अपडेटनंतर घातलेले ड्रायव्हर पुसले जातात आणि पुन्हा पॅच करावे लागते. तेव्हा आपोआप होणारे अपडेट आधी बंद करा. बॅकअप तर हवाच. लेखन, वाचन, व्हिडीओ यांसाठी हा सौदा परवडतो. कार्यालयाच्या गोपनीय कामाच्या यंत्रावर मात्र हा प्रयोग नको. मॅकओएसचा हट्ट नसेल, तर लिनक्स हा कमी कटकटीचा मार्ग.

हे किती काळ चालेल?

असे खटाटोप जुनेच. ‘एक्सपोस्टफॅक्टो’ने पॉवर मॅक ९६००सारख्या यंत्रांवर मॅक ओएस टेन चढवली, पुढे ‘डॉसड्यूड१’ या टोपणनावाच्या विकासकाच्या पॅचरांनी ‘सिएरा’ ते ‘कॅटालिना’पर्यंतची सोय केली. पण २००९च्या ‘स्नो लेपर्ड’ने पॉवरपीसी प्रोसेसर सोडला आणि त्या जुन्या यंत्रांसमोर कोणताच पॅचर उरला नाही. आता पाळी इंटेलची. ‘टाहो’ ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असेल, असे ॲपलने जून २०२५मध्ये जाहीर केले. काढलेला ड्रायव्हर परत घालता येतो. संपूर्ण प्रणालीच दुसऱ्या प्रोसेसरसाठी लिहिलेली असेल, तर परत घालण्यासारखे काही उरत नाही. जुना इंटेल मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी किंमत ठरवताना हे धरून चालावे.